‘ॲक्सेस डिनाइड’: घरच्या कॉम्प्युटरवर ॲडमिनची परवानगी नेमकी अडते कुठे

कॉम्प्युटर स्वतःचा, त्यावर खातं एकच, खात्याच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं स्वच्छ लिहिलेलं. तरी एखादं फोल्डर उघडायला जावं तर विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. अशा वेळी बहुतेक जण दोन उपायांकडे धावतात. एक, यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल) बंद करणं, म्हणजे तो ‘येस-नो’ विचारणारा चौकोनच नको. दुसरा, लपवलेलं मूळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं चालू करून रोज त्यातच काम करणं. दोन्हींनी मशीन उघडं पडतं, आणि अडलेलं फोल्डर बऱ्याचदा अडलेलंच राहतं. ‘परवानगी नाही’ या एका वाक्यामागे विंडोजची निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात. कारण कळलं की उपाय बहुधा पाच मिनिटांचा निघतो.

इथल्या पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण ते अजून पुष्कळ घरांत चालू आहे आणि तिथेही जवळपास हेच लागू पडतं. घरच्या मशीनवर सहसा ‘होम’ आवृत्ती असते. तिच्यात ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो आणि ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’ची खिडकीही नसते. म्हणून ‘ग्रुप पॉलिसी उघडा’ अशी सुरुवात करणारे उपाय सरळ सोडून द्या. खाली दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

आधी खातं तपासा

सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसलं तर पुढच्या भागाकडे चला. दिसलं नाही तर तुमचं खातं ‘स्टँडर्ड’ आहे. दुकानातून विंडोज टाकून आणलेल्या मशीनवर हे हटकून सापडतं: दुकानदाराने स्वतःच्या सोयीसाठी केलेलं खातं ॲडमिन असतं आणि घरच्यांचं साधं.

ॲडमिन खात्याचा पासवर्ड हाताशी असेल तर त्या खात्यातून सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जा, आपलं नाव उघडा आणि ‘चेंज अकाउंट टाइप’मधून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. ही खिडकी रुसली तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘नेटप्लविझ’ चालवा. स्पेलिंग एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड. नाव निवडून प्रॉपर्टीज, ग्रुप मेंबरशिप, ॲडमिनिस्ट्रेटर. हे होम आवृत्तीतही चालतं.

बदल केल्यावर आपल्या खात्यातून साइन आउट करून परत या. तुम्ही कुठल्या गटात आहात हे विंडोज साइन इन होतानाच नोंदवतं, मध्येच केलेला बदल चालू सत्राला कळत नाही. ‘ॲडमिन केलं तरी फरक पडला नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

ॲडमिन असूनही हात बांधलेले का

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून ॲडमिन साइन इन झाला की विंडोज त्याच्यासाठी दोन ओळखपत्रं बनवतं, तांत्रिक भाषेत टोकन. एकात सगळे अधिकार असतात, दुसऱ्यातून मोठे अधिकार वगळलेले असतात. डेस्कटॉप, फाइल एक्सप्लोरर, ब्राउझर, सगळे दुसऱ्या ओळखपत्रावर चालतात. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ‘येस’ म्हटलं की फक्त त्या एका प्रोग्रामला पहिलं मिळतं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, हे लगेच पडताळता येतं. खिडकीच्या शीर्षकात ‘ॲडमिनिस्ट्रेटर:’ हा शब्द नसेल तर ती साधी खिडकी. ‘हूॲमआय /ग्रुप्स’ (हूॲमआयचं स्पेलिंग डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय) ही कमांड दिली की मोठी यादी येते, तिच्यात ‘मँडेटरी लेबल’ची ओळ शोधा. तिथे ‘मीडियम’ असेल तर साधे अधिकार, ‘हाय’ असेल तर पूर्ण.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर फाइल ठेवणं. नवं फोल्डर बनतं, पण एखादी फाइल सेव्ह करायला जावं तर 0x८००७०५२२ हा एरर येतो. बिघाड काही नाही, साध्या ओळखपत्राला तिथे फोल्डर बनवता येतं, फाइल बनवता येत नाही. फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, विषय संपला. होस्ट्स फाइलचंही (वेबसाइटची नावं आणि त्यांचे पत्ते लिहायची विंडोजची फाइल) तसंच. नोटपॅड आधी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचं, मग त्याच्या फाइल मेनूतल्या ओपनमधून सी:\विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी इथे जायचं आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर फोल्डर रिकामं दिसतं.

आता यूएसीची पट्टी, म्हणजे तो चौकोन कधी यावा हे ठरवणारी. तिला चार पायऱ्या असतात आणि वरून दुसरी ही मूळची. ती तळाला ओढली की प्रश्न विचारणं बंद होतं, पण विंडोज ८ पासून दोन ओळखपत्रांची पद्धत तशीच चालू राहते. म्हणजे एक्सप्लोरर साध्याच अधिकारांवर चालतो, फोल्डर अडलेलंच राहतं, आणि एखाद्या घुसखोर प्रोग्रामला मात्र न विचारता पूर्ण अधिकार मिळतात. हा सौदा कशासाठी करायचा? पट्टी खाली ओढलेली असेल तर परत जागेवर आणा.

पूर्ण अधिकारांवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या दोन-तीन विचित्र खोडी ठाऊक असलेल्या बऱ्या. एक्सप्लोररमधून त्याच्यात फाइल ओढून टाकता येत नाही, त्याच्या स्वतःच्या ‘ओपन’मधून उघडावी लागते. नेटवर्कवरचं झेड किंवा वाय असं अक्षर दिलेलं ड्राइव्ह त्याला दिसत नाही, कारण ते अक्षर साध्या सत्रात जोडलेलं असतं. तिथे पूर्ण नेटवर्क पत्ता टाइप करा. तिसरी खोडी जास्त फसवते: स्टँडर्ड खात्यात बसून चौकोनात दुसऱ्याचा ॲडमिन पासवर्ड टाकला, तर तो प्रोग्राम त्या दुसऱ्याच्या नावाने चालतो. मुलाच्या खात्यात बाबांचा पासवर्ड टाकून काही इन्स्टॉल केलं आणि सेटिंग मुलाकडे उमटलीच नाही, असं झालं तर ती बाबांच्या खात्यात शोधा.

जुनं सॉफ्टवेअर आणि ‘गायब’ झालेला डेटा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची हिशेबाची, लायब्ररीची किंवा मराठी टंकनाची सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच लिहायची. आता तिथे साध्या ओळखपत्राला लिहिता येत नाही. जुना ३२ बिटचा प्रोग्राम कोलमडू नये म्हणून विंडोज त्याची फाइल गुपचूप दुसरीकडे वळवतं: सी:\युजर्स\तुमचं नाव\ॲपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर. प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहिलं.

मग एक दिवस कुणीतरी सल्ला देतं, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून बघ’. तसं उघडलं की वळवावळवी बंद होते, प्रोग्राम खरोखरच्या प्रोग्राम फाइल्समधली जुनी फाइल वाचतो आणि गेल्या दोन वर्षांच्या नोंदी दिसेनाशा होतात. त्या गेलेल्या नसतात. त्या वेळी नवीन काहीही न लिहिता प्रोग्राम बंद करा, व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्या. कायमचा उपाय म्हणजे सॉफ्टवेअर सी:\हिशेब अशा वेगळ्या फोल्डरमध्ये पुन्हा इन्स्टॉल करून डेटा तिथे नेणं. ते शक्य नसेल तर फक्त त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरवर, सिक्युरिटी टॅबमध्ये, ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ द्या. अख्ख्या प्रोग्राम फाइल्सला देऊ नका.

जुनी हार्ड डिस्क, नवं विंडोज

सर्वाधिक लोक अडतात ते इथे. जुनी डिस्क नव्या मशीनला जोडली, किंवा फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं, आणि डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो उघडेनात.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो, एसआयडी. फोल्डरवरच्या परवानग्या त्या क्रमांकाच्या नावे लिहिलेल्या असतात. नव्या विंडोजमध्ये तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी क्रमांक वेगळा पडतो. सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अननोन अकाउंट’ आणि पुढे आकड्यांची माळ दिसली की समजा, फोल्डर जुन्या मालकाच्या नावावर आहे.

फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ बटण आलं तर दाबा. तेवढ्यावर विंडोज तुमचं नाव त्या फोल्डरवर चढवतं. हजारो फाइल असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते, मध्येच रद्द करू नका, नाहीतर अर्धं फोल्डर उघडतं आणि अर्धं नाही. ‘कंटिन्यू’ने भागलं नाही तर मालकी हाताने घ्या:

१. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड.
२. वर ‘ओनर’ असतं, त्यापुढे ‘चेंज’.
३. आपलं नाव टाइप करून ‘चेक नेम्स’. नाव सापडत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘हूॲमआय’ चालवा आणि जे येईल तेच इथे टाका.
४. ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ला टिक करा, अप्लाय. मग सगळ्या खिडक्या ओके करून बंद करा.
५. पुन्हा ॲडव्हान्स्डमध्ये या. ॲड, सिलेक्ट अ प्रिन्सिपल, आपलं नाव, ‘फुल कंट्रोल’.
६. तळाच्या ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ला टिक, ओके.

चौथ्या पायरीवर थांबणारे फार. मालकी मिळाली म्हणजे वाचायचा अधिकार मिळाला असं नाही. मालकाला फक्त परवानग्या बदलायचा अधिकार मिळतो, परवानगी स्वतःला वेगळी द्यावी लागते. तिसऱ्या पायरीत मायक्रोसॉफ्ट खातं वापरणारे चुकतात, कारण त्यांच्या युजर्समधल्या फोल्डरचं नाव ईमेलची पहिली पाच अक्षरं असतं आणि स्वतःचं पूर्ण नाव टाकलं तर विंडोजला कळत नाही.

तरी सांगायचं तर, डेटा फक्त बाहेर काढायचा असेल तेव्हा मालकीच्या भानगडीत न पडलेलंच बरं. डिस्क जुनी, कुरकुरणारी असेल तर नक्कीच नको, कारण वरच्या पायऱ्या प्रत्येक फाइलवर काहीतरी लिहितात. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि विंडोजमध्ये असलेलीच रोबोकॉपी ही फाइल कॉपी करायची कमांड वापरा:

रोबोकॉपी "ई:\युजर्स\जुनंनाव\पिक्चर्स" "डी:\जुनेफोटो" /ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

यात ई: ही जुनी डिस्क, डी: ही नवी जागा. /ई म्हणजे आतली सगळी फोल्डर, रिकामीसुद्धा. /बी म्हणजे बॅकअप पद्धत: पूर्ण अधिकारांच्या खिडकीत ती फोल्डरवरच्या परवानग्या ओलांडून वाचते, मूळ डिस्कवर काही बदलत नाही. नव्या जागी आलेल्या फाइलना तिथल्याच परवानग्या लागतात, म्हणून त्या थेट उघडतात. /एक्सजे घातलं नाही तर युजर्समधल्या ‘ॲप्लिकेशन डेटा’सारख्या आतल्या आत फिरवणाऱ्या दुव्यांत कॉपी गरगरत राहू शकते. शेवटचे दोन तर विसरूच नका: रोबोकॉपी मुळात एका अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर ती पहिल्याच फाइलला बसून राहील.

सी ड्राइव्हवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही म्हणून त्याच्या मागे लागू नका. ते फोल्डरच नाही, एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामांसाठी ठेवलेला दुवा आहे आणि मुद्दाम बंद आहे.

फाइल एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, असतील तर मालकी घेऊन काही होणार नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजची अख्खी डिस्क कुलूपबंद करायची सोय) असलेली डिस्क ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर मशीन चालू केलं होतं त्याच्या वेबसाइटवरच्या डिव्हाइसेसच्या पानावर सापडते. जुन्या विंडोजमध्ये ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’ करून ठेवलेल्या सुट्या फाइलना त्या वेळचं सर्टिफिकेटच लागतं, ते नसेल तर फाइल उघडणार नाही.

जिथे हात घालायचा नाही

सी:\विंडोजमधल्या फाइलची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्या स्वतःच्या सेवेकडे असते, ॲडमिनकडे नाही. ते मुद्दाम आहे, अपडेट त्याच्याच नावाने बसतात. संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी एका फटक्यात घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्यानंतर अपडेट अडतात, स्टोअरमधली ॲप उघडेनाशी होतात, आणि कुठली परवानगी आधी काय होती हे कुणालाच सांगता येत नाही.

एखाद-दुसऱ्या फाइलची मालकी घेतली असेल तर ओनरच्या चौकटीत ‘एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असं, मधल्या जागेसकट, टाइप करून परत देता येते. सगळ्या ड्राइव्हवर प्रयोग झाला असेल तर विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी प्रत) उतरवून, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवून, ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ने दुरुस्ती करणं हा सर्वांत कमी त्रासाचा रस्ता.

परवानगीचा संबंधच नसतो तेव्हा

मेसेज परवानगीचा, कारण भलतंच, असंही होतं. एखादा प्रोग्राम डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये सेव्हच करत नसेल तर विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन इथे बघा. ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर ते बंद न करता ‘अलाउ ॲन ॲप’मधून तेवढ्या प्रोग्रामला वाट द्या. फाइल डिलीट होत नसेल तर ती कुठेतरी उघडी असते. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या खिडकीत फाइलचं नाव टाका, धरून बसलेला प्रोग्राम सापडतो. पेनड्राइव्हवर सिक्युरिटी टॅबच दिसत नाही, कारण तो एक्सफॅट किंवा फॅट३२ असतो आणि त्यात परवानग्या नसतातच. मेमरी कार्ड लिहू देत नसेल तर अडॅप्टरच्या कडेची छोटी कडी खाली सरकलेली आहे का बघा.

‘सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसली तर सेटिंग्ज, अकाउंट्स, ॲक्सेस वर्क ऑर स्कूल. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या खात्याने टीम्स उघडताना ‘अलाउ माय ऑर्गनायझेशन टु मॅनेज माय डिव्हाइस’ची टिक राहून गेली की घरचा लॅपटॉपही त्यांच्या नियमांखाली जातो. डिस्कनेक्ट करण्याआधी मशीनवर स्वतःचं ॲडमिन खातं आहे याची खात्री करा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन घेतलेल्या जुन्या, कंपनीतून आलेल्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. रीसेट केल्यावर सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचा लॉगिन मागणारी स्क्रीन आली, तर ते मशीन त्या कंपनीच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपनीची मशीन ताब्यात ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, नोंदलेलं आहे. डिस्क बदलून ते जात नाही, ती नोंद कंपनीनेच काढावी लागते. विकणाऱ्याकडे परत न्या. घेतानाच रीसेट करून, इंटरनेट जोडून, पहिल्या स्क्रीनपर्यंत चालवून बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती काढा.

‘येस’ बटणच दबत नाही

चौकोन येतो, पासवर्डची जागा नाही, ‘येस’ फिकट. याचा अर्थ मशीनवर चालू असलेलं एकही ॲडमिन खातं उरलेलं नाही. स्वतःचंच खातं चुकून स्टँडर्ड केलं की हे होतं. यासाठी विंडोजने एक मागचं दार ठेवलेलं आहे: चालू ॲडमिन एकही नसेल तर सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मोजक्याच गोष्टींनिशी चालू केलेलं विंडोज) मूळचं, एरवी बंद असलेलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं साइन इन करू देतं.

साइन इन स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग यादीतून सेफ मोडसाठी ४ दाबा. वाटेत ४८ आकडी की मागितली जाऊ शकते, आधीच मोबाइलवर काढून ठेवा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. कुणी पासवर्ड ठेवला नसेल तर तो रिकामा असतो. आत गेल्यावर नेटप्लविझमधून आपलं खातं ॲडमिन करा आणि नेहमीसारखं रीस्टार्ट करा. मूळ खातं साइन इन स्क्रीनवरून आपोआप नाहीसं होतं, ते मुळात बंदच होतं.

दुकानदाराचं किंवा आणखी कुणाचं ॲडमिन खातं मशीनवर चालू असेल, फक्त पासवर्ड माहीत नसेल, तर हे दार उघडत नाही. त्या माणसाला गाठा. खातं लोकल असेल तर चुकीच्या पासवर्डनंतर ‘रीसेट पासवर्ड’वर तीन सुरक्षा प्रश्न येतात. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पासवर्ड वेबसाइटवरून बदलतो. दोन्ही जमलं नाही तर आपल्या स्टँडर्ड खात्यातून फाइल बाहेर कॉपी करा, ते करायला ॲडमिन लागत नाही, आणि मग विंडोज नव्याने टाका.

नव्याने टाकताना दोन खाती करा: एक ॲडमिन, लोकल, फक्त इन्स्टॉल आणि दुरुस्तीसाठी, दुसरं रोजच्या वापराचं, स्टँडर्ड. ॲडमिन खात्यात एकदा साइन इन करून पासवर्ड चालतो का बघा, आणि तो वॉरंटी कार्डाच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा.